पुण्याहून मोहोळजवळच्या गावी कायमचं बिऱ्हाड हलवायचंय, दगदग कशी टाळावी?

अंतर २५० किलोमीटरच्या आत आहे, पण तारीख जपून धरा. मे महिन्यात सोलापूरकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा टेम्पो रात्रीच काढा. आषाढीआधी तुकोबांची पालखी याच पुणे-सोलापूर रस्त्यावर असते, ते दिवस सोडाच.

गॅसचं ट्रान्सफर व्हाउचर आणि मुलांचा शाळा सोडल्याचा दाखला आधीच घ्या. कागद स्वतःच्या पिशवीत, टेम्पोत नको. आम्ही आलो तेव्हा आईची लोणच्याची बरणी चादरीत गुंडाळून पातेल्यात, पातेलं माझ्या मांडीवर. थेंबसुद्धा सांडला नाही.

गावात नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते आधी विचारा. टाकी आधी, सोफा नंतर. अंथरूण, स्टोव्ह, चहा-साखर यांचं गाठोडं शेवटी चढवा, म्हणजे पहिलं उतरेल.