लकव्यानंतरचा विसराळूपणा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लकवा आणि स्मृतिभ्रंश यांच्या नात्याविषयी गैरसमज सांगणारी पत्रे सतत येत असल्याने त्यांतील काहींना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

लकवा झालेल्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश होतो का? (महाल)
नाही. पहिल्या झटक्यानंतर साधारणपणे 10 पैकी एकाला होतो. झटका पुन्हा आल्यास हे प्रमाण तिघांत एकापर्यंत जाते.

वडिलांना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. बीपी नॉर्मल आल्यामुळे गोळ्या थांबवल्या. आता हिशेब चुकतात, इतवारीतल्या ओळखीच्या गल्लीत ते गोंधळतात. वयामुळेच ना? (नागपूर)
वयावर ढकलून मोकळे होऊ नका. बीपी नॉर्मल आले ते गोळ्यांमुळे, आणि नेमक्या त्याच गोळ्या तुम्ही बंद केल्या! हे वाक्य मी ओपीडीत रोज उच्चारतो, तरी ते घरोघरी पोहोचत नाही. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि हात-पाय लुळे न पडताही आत छोटे-छोटे झटके येऊन जातात, त्यामुळे माणूस काही महिने स्थिर राहतो आणि एकदम एक पायरी खाली उतरतो. लकव्यानंतरचे नैराश्य, थायरॉइडचा विकार किंवा बी-12 ची कमतरता यांमुळेही असाच गोंधळ होऊ शकतो आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणून जुने स्कॅन आणि गोळ्यांची पाकिटे घेऊन याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टना भेटा. मधल्या काळात गोळ्या स्वतःच्या मनाने सुरूही करू नका.

दर हिवाळ्यात ‘रक्त पातळ करणारी’ सलाईन लावल्यास लकवा आणि विसरभोळेपणा टळतो, असे शेजारी सांगतात. (उमरेड)
टळत नाही. फायदा सलाईन विकणाऱ्याचा होतो, आणि ती लावून घेतलेला रुग्ण निर्धास्त होऊन रोजच्या गोळ्या सोडतो, हे नुकसान वेगळेच. तेच पैसे बीपी, शुगर आणि ईसीजीच्या तपासणीवर खर्च करा. कबुतराच्या रक्ताच्या मालिशीविषयी विचारणाऱ्या तिघांनाही हेच उत्तर.

लकव्यानंतर खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) थोडा चालेल का? (काटोल)
अजिबात नाही.

काल आईचे तोंड वाकडे झाले, जीभ अडखळली. अर्ध्या तासात ती बरी झाली. सोमवारी दाखवू का? (धंतोली)
हा मोठ्या झटक्याआधीचा इशारा असू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि तुम्ही पत्र लिहीत बसलात! तुमच्या पत्रातल्या पत्त्यावर तुम्हाला आधीच कळवले आहे. इतरांनी अशा वेळी 108 वर फोन करावा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तडक जावे.