चाकणचे एकवीस हजार आणि नरडाण्याचे चौदा हजार

आदरणीय भाऊसाहेब, सप्रेम नमस्कार.

आपले चार पानी पत्र आणि सोबतच्या झेरॉक्स प्रती मिळाल्या. इतर पालकांनाही उपयोग व्हावा म्हणून, नावगाव वगळून, पत्राचा आशय आधी थोडक्यात मांडते. आपली शिंदखेडा तालुक्यात पाच एकर जिरायत शेती आहे आणि मुख्य पीक कापूस. थोरला मुलगा विद्युत अभियांत्रिकीची पदविका उत्तीर्ण झाला असून त्याच्यापुढे तीन वाटा आहेत : पुण्याजवळच्या चाकणमधील एका कारखान्यात दरमहा २१,००० रुपये, नरडाणा एमआयडीसीतील एका कारखान्यात दरमहा १४,००० रुपये आणि सुरतेला उधना भागात राहणाऱ्या मामांच्या ओळखीने भरतकामाच्या यंत्रांवर, सांगीवांगी, १८,००० रुपये. राज्यातील सर्वांत गरीब जिल्ह्यांच्या यादीत नंदुरबार पहिला आणि आपला धुळे दुसरा, असे आपण वाचले. त्यावर मुलाच्या मामांनी फोनवर ‘आठे काय शे?’ (इथे काय आहे?) असे विचारले, आणि तेव्हापासून आपल्याला झोप नाही. ज्या जिल्ह्यात निम्मी माणसे गरीब, तिथे मुलाला ठेवून त्याचे नुकसान करतो आहोत का, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम त्या यादीविषयी लिहिते, कारण आपली सारी धास्ती तिच्यातून आलेली दिसते. ती नीती आयोगाची बहुआयामी गरिबीची यादी आहे. ती २०२१ साली प्रसिद्ध झाली, पण तिच्यातील माहिती २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीतली आहे. त्या आकडेवारीत महाराष्ट्रातील १४.८५ टक्के लोक गरीब ठरले, नंदुरबारमध्ये निम्म्याहून अधिक आणि धुळ्यात सुमारे एक तृतीयांश. आपण ‘निम्मी’ लिहिले आहे, ते प्रमाण नंदुरबारचे आहे. पुढच्या पाहणीवर आधारलेला अहवाल २०२३ साली आला, त्यात राज्याचे प्रमाण ७.८१ टक्क्यांपर्यंत उतरलेले होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की या मोजणीत कोणाचाही पगार विचारलेला नाही. घरातल्यांचे पोषण, बालमृत्यू, बाळंतपणातील आरोग्यसेवा, शाळेची वर्षे, मुलांची शाळेतील हजेरी, स्वयंपाकाचे इंधन, शौचालय, पिण्याचे पाणी, वीज, घराची जमीन-भिंती, घरातील वस्तू आणि बँक खाते अशा बारा गोष्टी पाहिल्या जातात आणि त्यांचे भारांक जोडून, अभाव एक तृतीयांशापर्यंत पोहोचला की घर गरीब ठरते. म्हणजे ही यादी नंदुरबारमधील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आरोग्यकेंद्र किती दूर आहे हे सांगते, ऊसतोडीसाठी उचल घेऊन दिवाळीनंतर गुजरातेत गेलेल्या जोडप्याची मुले सहा महिने शाळेत नसतात हे सांगते. नरडाण्याच्या कारखान्यात पदविकाधारकाला काय मिळेल, हे ती सांगत नाही. त्यातही जिल्ह्याची सरासरी फसवी असते. शहाद्याचा उसाचा सपाट पट्टा आणि धडगावचा डोंगर एकाच जिल्ह्यात मोजले जातात, आणि आपल्याकडे शिरपूर शहर व त्याच तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याचे पाडे एकाच टक्केवारीत बसतात. ऊसतोडीच्या हंगामात जोडप्याच्या हाती येणारी रक्कम कधी कधी एखाद्या कारकुनाच्या पहिल्या पगाराहून मोठी दिसते. पण त्यातून आधी घेतलेली उचल वजा होते, कोयता दोघांनी मिळून चालवलेला असतो आणि त्या मुलांची शाळेतली वर्षे परत मिळत नाहीत. ही गरिबी खरी आहे आणि तिच्याविषयी मला फार वाटते, म्हणूनच तिचा आकडा पुढे करून घाईचे निर्णय घेतलेले मला पाहवत नाहीत.

आता पगाराकडे वळू. एकवीस आणि चौदा या दोन आकड्यांत आपल्याला सात हजारांचा फरक दिसतो. पण हे दोन आकडे एकाच मापाने मोजलेले नाहीत.

आपण पाठवलेले चाकणचे पत्र मी दोनदा वाचले. त्यात वार्षिक २,५२,००० रुपये लिहिले आहेत आणि खाली बारीक अक्षरात ‘कंपनीला येणारा एकूण खर्च’ असे शब्द आहेत. म्हणजे या रकमेत मालकाने भरायचा भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी राज्य विम्याचा मालकाचा वाटा, बोनस आणि ग्रॅच्युइटी हे सारे धरलेले आहे. मूळ वेतन १३,००० रुपये दाखवले आहे. त्यावरून हिशेब केला, तर या चार बाबींत दरमहा सुमारे ३,८०० रुपये जातात आणि पगारपत्रकावर सुमारे १७,२०० रुपये उरतात. त्यातून मुलाचा स्वतःचा भविष्यनिर्वाह निधी १,५६० रुपये, विम्याचे पाऊण टक्का आणि व्यवसायकराचे २०० रुपये वजा झाले की हातात साधारण सव्वापंधरा हजार येतील. भविष्यनिर्वाह निधी ही मुलाचीच बचत आहे, ती बुडत नाही, पण त्या पैशाने खोलीचे भाडे देता येत नाही. नरडाण्याचे चौदा हजार मात्र पगारपत्रकावरचे आहेत आणि कपात होऊन हातात १२,४०० रुपये येतील, असे आपण स्वतः चौकशी करून लिहिले आहे. म्हणजे सात हजारांचा फरक तीन हजारांच्या आत आला, आणि मुलाने अजून घराबाहेर पाऊलही टाकलेले नाही.

गेल्या वर्षी साक्री तालुक्यातील एक विद्यार्थी चाकणहून सुटीवर आला, तेव्हा त्याने मला आपली खर्चाची वही दाखवली. शंभर पानी वही होती, पहिल्या पानावर गणपतीचे चित्र आणि पुढे तारीखवार नोंदी. कॉटचे भाडे ३,५०० (एका खोलीत पाच जण), मेस ३,५००, कामावर येण्या-जाण्याला १,०००, मोबाइल, साबण, औषध मिळून १,०००, आणि महिन्याआड गावी येण्यासाठी बाजूला काढलेले ८००. बेरीज ९,८००. त्याच्या एका पानावर ‘भरीत पार्टीला गेलो नाही, वाचले १५०’ अशी नोंद होती, ती मला अजून आठवते. आपल्या मुलाला हाच हिशेब लावला, तर सव्वापंधरातून साडेपाच हजारांच्या आतबाहेर शिल्लक राहील. नरडाण्याला रेल्वेने ये-जा करून घरचा डबा नेला, तर प्रवासाचे ६०० आणि मोबाइल वगैरेचे १,००० धरावेत. घरच्या जेवणालाही किंमत असते, ती मोजायची राहून जाते, तिचे २,००० धरावेत. तरीही ८,८०० उरतात.

सरकारही हा फरक मानते. २०११-१२ साठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने ठरलेली महाराष्ट्राची दारिद्र्यरेषा ग्रामीण भागात दरडोई दरमहा ९६७ रुपये आणि शहरी भागात १,१२६ रुपये होती. या रेषा फार खाली आखल्या, ही टीका योग्यच होती. पण गाव आणि शहर यांना एकच रुपया लावू नये, हे त्यांच्यातही गृहीत होते. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा घरभाडे भत्ता पाहिला तर हे अधिक ठळक दिसते. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर, सातव्या वेतन आयोगाच्या दरांनुसार, पुण्यात मूळ वेतनाच्या ३० टक्के आणि धुळ्यात १० टक्के मिळू लागले. ३५,४०० रुपये मूळ वेतन असलेल्या कनिष्ठ अभियंत्याला पुण्यात १०,६२० आणि धुळ्यात ३,५४० रुपये. एकाच पदाच्या दोन माणसांत केवळ राहण्यापोटी ७,०८० रुपयांचा फरक सरकार मान्य करते. हा दर आपल्या मुलाच्या वेतनाला जसाच्या तसा लागणार नाही, हे खरे, पण चाकणचा जास्तीचा पैसा मुख्यतः कुठे जातो ते यावरून कळते.

एवढ्यावरून मी नरडाण्याची शिफारस करते आहे, असे समजू नये. केवळ शिल्लक पाहून वाट निवडली तर तीही चूक ठरेल. पहिल्या तीन वर्षांत मुलाच्या हातात कोणते काम येते, त्यावर त्याची पुढची तीस वर्षांची कमाई ठरते. चाकणच्या परिसरात पीएलसी (यंत्रे चालवणारा संगणकी नियंत्रक), ड्राइव्ह (मोटरची गती सांभाळणारे उपकरण), रोबोट यांच्यावर काम करायला मिळाले, तर सव्वातीन-साडेतीन हजारांची मासिक झळ सोसूनही त्याने तिकडेच जावे, असे मी डोळे मिटून सांगितले असते. परंतु पत्रावर पद ‘प्रशिक्षणार्थी, असेंब्ली’ असे आहे आणि शिक्का ठेकेदार संस्थेचा आहे, मूळ कारखान्याचा नाही. वर्षभर एकाच ठिकाणी उभे राहून स्क्रू आवळणाऱ्या मुलाची विद्युत पदविका गंजते. नरडाण्याच्या पत्रावर ‘विद्युत देखभाल’ असे स्पष्ट लिहिले आहे आणि नेमणूक कारखान्याच्या स्वतःच्या पटावर आहे. माझा कौल त्यामुळे नरडाण्याकडे जातो. पगार किंवा गावाच्या ओढीपेक्षा त्या दोन शब्दांचे वजन मला जास्त वाटते.

सुरतेविषयी थोडेच लिहिते. उधना-लिंबायतमध्ये आपल्या खान्देशातील माणसांनी दोन-दोन पिढ्या घाम गाळून घरे उभी केली आहेत आणि मामांचा आग्रह प्रेमापोटी आहे, यात शंका नाही. पण ते अठरा हजार नगावरचे आहेत. काम मंदावले की तेही उतरतात. हातात नेमणुकीचा कागद नाही आणि पदविकेचा उपयोगही नाही.

आपण पत्रात एक वाक्य लिहिले आहे : ‘शेतीत तर काही उरलेच नाही, मग पोराला जवळ ठेवून काय करू?’ याचे उत्तर मला काळजीपूर्वक द्यावेसे वाटते. २०१८-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकांतून आलेले ३,७९८ आणि मजुरी-पगारातून आलेले ४,०६३ होते. महाराष्ट्राची सरासरी ११,४९२ होती, पंजाबची २६,७०१. शेतकऱ्याचे घरसुद्धा आज पिकापेक्षा पगारावर जास्त तरते, असा याचा सरळ अर्थ आहे. कापसाचा भाव पडला किंवा बोंडअळी आली, त्या वर्षी घरात दरमहा येणारे आठ-नऊ हजार सावकाराच्या दारी जाण्यापासून वाचवतात. म्हणून तुलना मुलाच्या एकट्या पगाराची करू नये. पूर्ण घराच्या वर्षाच्या आवक-जावकेत त्या पगाराचे काय होते, ते पाहावे. मात्र मुलाचा सगळा पगार घरखर्चात मुरू देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. दरमहा तीन हजार त्याच्या स्वतःच्या खात्यावर, त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी राहू द्यावेत.

पदविका आणि अनुभव यांच्या आधारावर विद्युत पर्यवेक्षकाचा परवाना मिळवता येतो, त्यासाठी अनुभवाचा दाखला लागतो आणि तो नरडाण्याच्या नोकरीतून मिळेल. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, शिवाजीनगरला महानिर्मितीचा सौर प्रकल्प आहे. अशा ठिकाणी उच्चदाबाच्या पॅनेलवर हात बसलेली माणसे लागतात. महावितरण आणि रेल्वेच्या भरतीचा अभ्यासही घरी राहून संध्याकाळी करता येईल. दोन-तीन वर्षांनी हातात परवाना आणि अनुभव घेऊन तो पुण्याला निघाला, तर त्याला पाच जणांच्या खोलीतल्या कॉटवर राहावे लागणार नाही.

एक गोष्ट मात्र मला खटकली, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या चार पानांत आपले म्हणणे आहे, मामांचे आहे, शेजाऱ्यांचेही आहे, पण मुलाला काय हवे ते एका ओळीतही नाही. हे पत्र आधी त्याला वाचायला द्यावे.

चाकणच्या संस्थेने उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. तेवढ्यात मुलाने त्यांना दोन प्रश्न लेखी विचारावेत : नेमणूक कोणत्या विभागात आहे, आणि वर्षानंतर मूळ कारखान्याच्या पटावर घेण्याची काही तरतूद आहे का. उत्तर ‘देखभाल विभाग’ असे आले, तर मला लगेच कळवावे, मी माझे मत बदलेन. त्याच आठवड्यात त्याने एकदा नरडाण्याला जाऊन देखभाल विभागाच्या प्रमुखांना भेटावे आणि पॅनेल रूम पाहू द्यावी अशी विनंती करावी. तिथे काय पाहिले ते त्याने स्वतःच्या हाताने मला लिहून पाठवावे.

आपली,
मार्गदर्शक, धुळे