प्रवेश आधी, कागद मागाहून: फुटपाथवरच्या दोन मुलांची शाळा

प्रश्न (इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा): सरवटे बसस्टँडजवळ फुटपाथवर राहणारी, नवऱ्याने टाकलेली एक बाई फुगे विकून पोट भरते. मुलगी 9 वर्षांची, मुलगा 7 चा. मुलगी खरगोनकडे काही महिने शाळेत गेली होती, मुलगा कधीच नाही. जवळच्या सरकारी शाळेने समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक), आधार, जन्मदाखला आणि टीसी मागितली. वर ‘सत्र सुरू होऊन गेलं, घ्यायचंच तर दोघांना पहिलीत घेऊ’ असं सांगितलं. पालक म्हणून मी सही करू का? आणि तक्रार केली तर मुलांना उचलून नेतील, ही आईची भीती खरी आहे का?

उत्तर:

ताई, पालक म्हणून सही करू नका. आई हयात आहे, मुलं तिच्याजवळ आहेत. सही किंवा अंगठा तिचाच हवा. तुम्ही साक्षीदार व्हा आणि संपर्कासाठी आपला फोन नंबर द्या. हौसेने ‘पालक’ झालात तर उद्या कुणीही विचारेल की ही मुलं तुमच्याकडे कशी आली.

मागितलेल्या चार कागदांपैकी एकाच्याही अभावी प्रवेश अडत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14 सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही. टीसीबद्दल तेच कलम 5 मध्ये आहे, उशिरा आलेल्या मुलाबद्दल कलम 15 मध्ये. आधारचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात मिटवला: शाळाप्रवेशासाठी ते सक्तीचं नाही. समग्र आयडी ही राज्याच्या योजनांसाठीची ओळख; शिक्षण हक्क कायद्यात ती अट नाही. मुख्याध्यापक अडतात ते बहुधा ऑनलाइन नोंदीतल्या रकान्यांपायी, दुष्टाव्याने नव्हे. म्हणून आग्रह एवढाच धरा की दाखल-खारिज रजिस्टरमध्ये (शाळेत आल्या-गेल्या मुलांच्या नोंदवहीत) नाव आज चढवा. समग्र आणि आधार मागाहून जनशिक्षकांच्या (आसपासच्या सरकारी शाळांचं काम पाहणाऱ्या शिक्षकांच्या) मदतीने करून घेऊ. शाळाप्रवेशाला जन्मदाखलाच हवा म्हणून कुणी जन्म नोंदणी कायद्यातली 2023 ची दुरुस्ती पुढे केली, तर ती 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना लागू आहे. ही मुलं त्यात येत नाहीत.

आता जन्मतारीख. इथे घाई नडते. दाखला नसेल तर केंद्राच्या 2010 च्या नियमांनी तीन पर्याय दिले आहेत: रुग्णालयाची किंवा एएनएमची (सरकारी आरोग्यसेविकेची) नोंद, अंगणवाडीची नोंद, नाहीतर पालकाचं वयाबद्दलचं घोषणापत्र. घोषणापत्र साध्या कागदावर चालतं, नोटरीत पैसे घालवू नका. पण शाळेत लिहिलेली तारीख पुढे दहावीच्या मार्कशीटवर जाते, आणि ती बदलून घेणं महाकर्मकठीण. सोयीची म्हणून 1 जुलै ठोकून देऊ नका. आईला निवांत विचारा: कुठल्या दवाखान्यात, कुठल्या सणाच्या आगेमागे, लसीचं कार्ड आहे का? जन्मदाखलाही नंतर काढाच. एक वर्षाहून जुन्या जन्माच्या नोंदीला जिल्हा दंडाधिकारी, एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. अर्ज जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे होतो; खरगोनकडे जन्म असेल तर इंदूर नगर निगमात खेटे घालून उपयोग नाही.

दोघांना पहिलीत बसवणं कलम 4 च्या विरुद्ध आहे. वयानुसार मुलगी चौथीत आणि मुलगा दुसरीत, आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण, किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. प्रशिक्षणाची मागणी अर्जातच लिहा. तो भाग गाळला की मुलगी चौथीत बसते, फळ्यावरचं काही कळत नाही, महिन्याभरात पुन्हा फुगे विकायला जाते. गैरहजेरीमुळे नाव कापण्याची भाषा झाली तर कलम 16 दाखवा: आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही.

तोंडी नकार पुढे सिद्ध करणं अवघड जातं. म्हणून अर्ज दोन प्रतींत, हिंदीत लिहा. मराठी अर्ज इथल्या टेबलावर नुसता पडून राहील. एका प्रतीवर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. आठवड्यात हालचाल नाही तर जिल्हा शिक्षणाधिकारी आणि नगर निगम आयुक्त दोघांच्या नावे कलम 32 ची तक्रार करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. निर्णयाची मुदत तीन महिने, अपील भोपाळच्या बाल अधिकार संरक्षण आयोगाकडे. तीन महिने मुलांसाठी फार होतात, तेव्हा तीच प्रत मंगळवारी कलेक्टर कचेरीतल्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीत) द्या. अनेकदा तिथूनच फोन जातो.

आईची भीती अगदीच पोकळ नाही. बाल न्याय कायदा, 2015 च्या कलम 2(14) मध्ये रस्त्यावर राहणारं मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं’ ठरतं. मात्र व्याख्येत बसलं म्हणजे आईपासून तोडलं असं नाही. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे त्याच कायद्याचं तत्त्व आहे. खरा धोका मुलं सिग्नलवर विकताना किंवा मागताना सापडण्यात आहे. इंदुरात भिकेविरुद्धची मोहीम कडक आहे. शाळेच्या नोंदीची एक प्रत आईच्या पिशवीत सतत असू द्या. अशा मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे जायची वेळ आली, तर मुलं शाळेत जातात हे दाखवायला तिच्याजवळ तेवढाच कागद असेल.

समितीला टाळण्यापेक्षा तिचा उपयोग करा. बाल न्याय कायद्याच्याच कलम 45 खाली टाकलेल्या आईच्या मुलांना प्रायोजकत्व, म्हणजे संगोपनासाठी पैशांची मदत, मिळू शकतं. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत ते दर मुलामागे महिना 4,000 रुपये, शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 96,000 च्या आत असेल तर. अर्ज महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात. नवऱ्याने टाकल्याचं सिद्ध करायला आईचं शपथपत्र लागेल. ते आणि पुढचं वकिली काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात फुकट होतं. स्त्रिया आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. फोन 15100.