येऊ घातलेल्या क्लाउड सेवेसाठी थांबावे का?

एका मोठ्या कंपनीची नवी क्लाउड सेवा, म्हणजे फाइली इंटरनेटवर साठवण्याची सोय, लवकरच येणार आणि तिच्यात भरपूर जागा मोफत मिळणार अशी चर्चा असल्याने, सध्याच्या सेवेची वर्गणी भरावी की थोडे थांबावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते थांबू नये. सेवा येणार ही कुणकुण बहुधा खरी असेल, परंतु तिचे स्वरूप, दर आणि अटी यांविषयी जे बोलले जाते त्याला फारसा आधार नसतो, आणि आपला निर्णय तर नेमका त्यांवरच अवलंबून आहे.

ॲपलच्या आयक्लाउडचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ती सेवा येण्यापूर्वी लोकांच्या हाती असलेले धागेदोरे चांगले भक्कम होते. ॲपलने डिसेंबर २००९ मध्ये लाला ही ऑनलाइन संगीत सेवा विकत घेऊन पुढच्या मे महिन्याअखेर बंद केली होती. नॉर्थ कॅरोलायनातील मेडन या लहानशा गावी सुमारे १ अब्ज डॉलर खर्चाचे डेटा सेंटर उभे राहत होते. आणि रेकॉर्ड कंपन्यांशी बोलणी चालू असल्याच्या बातम्या येत होत्या. या सगळ्यावरून अनेकांनी असा तर्क बांधला की, गाणी थेट सर्व्हरवरून ऐकवणारी सेवा येणार. पण ६ जून २०११ रोजी ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी आयक्लाउड म्हणून जे मांडले ते मुख्यतः फोन, टॅब्लेट आणि संगणक यांवरील फोटो, कागदपत्रे व विकत घेतलेली गाणी परस्पर सारखी ठेवणारे सिंक होते. हव्या त्या गाण्यांचे स्ट्रीमिंग करणारी ॲपल म्युझिक ही सेवा थेट जून २०१५ मध्ये आली.

रेकॉर्ड कंपन्यांशी बोलणी होत होती हे खरे, पण त्यांतून काय निघाले ते पाहा. ॲमेझॉनने मार्च २०११ मध्ये आणि गूगलने मे महिन्यात आपापल्या संगीत सेवा असे नवे करार न करताच सुरू केल्या होत्या, त्यामुळे ग्राहकाला आपले प्रत्येक गाणे स्वतः अपलोड करावे लागे, आणि संग्रह मोठा असेल तर त्यात कित्येक दिवस जात. करार हाती असल्याने ॲपलला आयक्लाउडसोबतच्या आयट्यून्स मॅच या सशुल्क सेवेत वेगळी सोय देता आली: आपल्या संग्रहातील गाणी ॲपलच्या ऑनलाइन दुकानातील गाण्यांशी ताडून पाहिली जात, जुळलेल्या गाण्याची चांगल्या दर्जाची (२५६ केबीपीएस) प्रत तिथूनच मिळे आणि न जुळलेली तेवढीच अपलोड होत. वर्षाला २४.९९ डॉलर देऊन मिळणारी ही सोय डेटा सेंटरची इमारत कितीही निरखून कोणाला ओळखता आली नसती. इमारती आणि कंपन्यांची खरेदी बाहेरून दिसते. सेवेला आकार देणारी करारातील कलमे मात्र घोषणेपर्यंत बंद दाराआड राहतात.

वेळेचा अंदाज तर याहून बेभरवशाचा असतो. गूगलच्या साठवण सेवेची चर्चा २००६ पासून होती. गूगल ड्राइव्ह प्रत्यक्षात २४ एप्रिल २०१२ रोजी, ५ जीबी मोफत जागेसह आले.

मोफत जागेविषयीही सावध राहावे, कारण जाहीर झालेले वचनसुद्धा कायम राहते असे नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०१४ मध्ये ऑफिस ३६५ च्या वर्गणीदारांना वनड्राइव्ह या आपल्या साठवण सेवेवर अमर्याद जागा देऊ केली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ती १ टीबीवर आणत असल्याचे सांगितले. गूगल फोटोजची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून नव्या फोटोंसाठी बंद झाली. ज्यांनी त्या भरवशावर घरातील प्रती पुसल्या, त्यांची काय अडचण झाली असेल याची कल्पना करता येते.

म्हणून सध्याची वर्गणी भरावी; महिन्याच्या हिशेबाने भरण्याची सोय असेल तर वर्षाची एकदम भरू नये. सगळ्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आत्ताच काढून ठेवावी. नवी सेवा आल्यावर आधी एकच फोल्डर तिथे हलवावा, मग तो पुन्हा उतरवून घ्यावा आणि फोटोंच्या मूळ तारखा, फाइलींची नावे व फोल्डरांची रचना जशीच्या तशी राहिली आहे का ते तपासावे. त्यात फरक पडला, तर जुनी वर्गणी चालूच असल्याने आपले काही अडणार नाही.