लो-रिस्क एचपीव्हीचे चामखीळ आलेत, बायको गरोदर आहे, बाळाच्या घशात जाईल का?

तुम्ही लिहिलंय की खाली चामखिळीसारखे कोंब आले, स्किनच्या डॉक्टरांनी ‘एचपीव्ही (चामखीळ आणणारा व्हायरस, त्याचे प्रकार नंबराने ओळखतात) आहे, ६ नाहीतर ११ नंबरचा, लो-रिस्क, टेन्शन नको’ म्हणून मलम दिलं आणि घरी येऊन नेटवर वाचलं की हाच व्हायरस बाळाच्या घशात जातो. बायकोला सहावा महिना. मग कॅन्सर होईल का, सिझर करावं का, आणि मुळात हे आलं कुठून.

दादा, मी डॉक्टर नाही, कान-नाक-घशाच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सिस्टर आहे, बारा वर्षं झाली. तुम्ही ज्या घशाला घाबरलाय तो मी जवळून बघितलाय.

कॅन्सरचं आधी उरकते. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये साधारण ७० टक्के केसेस १६ आणि १८ नंबरच्या. ६ आणि ११ वेगळे, खालच्या चामखिळींपैकी ९० टक्के यांच्या. १६-१८ पेशीचे ब्रेकच निकामी करतात, ६-११ ची पकड ढिली, त्यामुळे पेशी वाढतात, कोंब येतो, पण सहसा गाडी तिथेच थांबते. गंमत म्हणजे जर्मनीत झुर हाउझेन या शास्त्रज्ञांच्या लॅबमध्ये ११ नंबर आधी सापडला, तोही घशातल्या गाठीत, आणि त्याच्याच ओळखीवर त्यांनी पुढे १६ नंबर शोधून काढला. २००८ चं नोबेल त्यांना मिळालं.

पण लो-रिस्क हा शब्द कॅन्सरपुरताच. त्रास किती होईल ते त्यात धरलेलं नाही, आणि इथेच लोक फसतात.

आमच्याकडे चार वर्षांचा एक मुलगा यायचा. वर्षभर दमा म्हणून वाफ आणि पंप चालू होता, आवाज एकदम घोगरा, रडला तरी नुसती हवा यायची. दुर्बीण घातली तर स्क्रीनवर स्वरयंत्र दिसेचना, गुलाबी तुतीचे घोस लगडल्यासारखं सगळं, मधे श्वासाला जेमतेम फट. भुलेच्या मॅडम आणि सर्जन दोघांना त्याच फटीतून काम करायचं, एकाचा हात आत गेला की दुसऱ्याने थांबायचं. फिरत्या पात्याच्या मशीनने सगळं खरवडून काढलं, मुलगा बोलायला लागला, आई रडायला लागली. चार महिन्यांनी परत तेच, घोस पुन्हा तयार. सहाव्या वेळेला तो स्वतःच टेबलावर चढला आणि म्हणाला, मास्क मी धरतो. याच ६-११ ची गाठ, कॅन्सरची नाही, पण मूल दर काही महिन्यांनी ओटीत.

आता घाबरू नका, हे फार कमी मुलांना होतं. आईला चामखीळ असताना झालेल्या १००० बाळंतपणांमागे साधारण ७ बाळं, असा डेन्मार्कमधला आकडा आहे. आणि इथे कोंब तुम्हाला आलेत, वहिनींना आहेत की नाही तेच अजून माहीत नाही. म्हणून पहिलं काम, त्यांच्या डॉक्टरीणबाईंना तुमचं सगळं स्पष्ट सांगा आणि तपासून घ्या. निव्वळ बाळाच्या घशासाठी सिझर करत नाहीत, कारण सिझर करूनही पूर्ण खात्री मिळत नाही, कोंब एवढे मोठे असतील की वाटच अडतेय किंवा खूप रक्त जाईल तरच तो विचार. तुमचं मलम त्यांना अजिबात लावू नका, यातली काही औषधं गरोदरपणात चालत नाहीत, गरज पडली तर डॉक्टर गोठवून काढतात.

आणि आलं कुठून, तर संबंध आल्यावर कोंब दोन-तीन महिन्यांत दिसू शकतो किंवा वर्षानुवर्षं दिसतच नाही. तारीख लावून कोण दोषी ते ठरवता येत नाही, त्यावरून घरात भांडण करू नका. मात्र व्हीडीआरएल (गरमी म्हणजे सिफिलिसची तपासणी) आणि एचआयव्ही दोघांच्याही करून घ्या, गरमीतही जवळजवळ असेच चपटे कोंब येतात.

बिब्बा, चुना-सोडा, घोड्याचा केस बांधणे हे हातावरच्या चामखिळीला गावाकडे करतात, त्या नाजूक जागी नको म्हणजे नको! भाजलं तर जखम मोठी होते आणि चामखीळ तशीच राहते. डॉक्टरांनी काढले तरी काही महिने परत परत येऊ शकतात, म्हणजे औषध खोटं होतं असं नाही.

लस आधीच्या कोंबांना बरं करत नाही आणि गरोदरपणात देत नाहीत, पण बाळंतपणानंतर विचारून ठेवा. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक २०२३ मध्ये आली, तिच्यात ६, ११, १६, १८ चारही आहेत. ऑस्ट्रेलियात मुलींना २००७ पासून लस सुरू केली, तिथल्या क्लिनिकमध्ये २१ च्या आतल्या मुलींत चामखिळीचं प्रमाण २००७ ला ११.५ टक्के होतं ते २०११ ला ०.८५ वर आलं. लहान मुलांच्या घशातल्या गाठीही पुढे तिथे कमी झाल्या.

बाळ झाल्यावर रोज घसा बघत बसू नका. फक्त सर्दी-खोकला नसताना रडण्याचा आवाज दोन-तीन आठवडे घोगरा राहिला किंवा श्वास घेताना शूं असा आवाज यायला लागला तर कान-नाक-घशाकडे न्या, आणि कुणी दमा म्हणून पंप लिहून दिलाच तर आधी एकदा दुर्बिणीने स्वरयंत्र बघा असं तुम्हीच सांगा.