बायर्नमधली चौथी आणि सातची बेरीज

म्युनिक, न्यूर्नबर्ग, एर्लांगेन भागात राहणाऱ्या आणि मूल तिसरी-चौथीत असलेल्या पालकांनो, मूल गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडे थेट नेणाऱ्या माध्यमिक शाळेत, जाणार की नाही हे जर्मनीच्या बायर्न (बव्हेरिया) राज्यात चौथीतच बऱ्याच अंशी ठरतं. मे महिन्याच्या सुरुवातीला शाळा उबरट्रिट प्रमाणपत्र, म्हणजे पुढच्या शाळेत जाण्याचं प्रमाणपत्र, देते. त्यात जर्मन, गणित आणि एचएसयू, म्हणजे आपला परिसर अभ्यास, या तीनच विषयांची सरासरी धरतात. इथे १ सर्वोत्तम आणि ६ सर्वांत वाईट. तिन्हींची बेरीज ७ किंवा कमी, म्हणजे सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिम्नाझियम. ८ आली तर २.६६, म्हणजे रेआलशूले, ही दहावीपर्यंतची माध्यमिक शाळा.

आपली मुलं गणितात सहसा अडत नाहीत, अडतात ती एचएसयूत. पाण्याचं चक्र मुलाला समजलेलं असतं, पण उत्तर जर्मनमध्ये, वर्गात शिकवलेल्या नेमक्या शब्दांत लिहावं लागतं आणि तिथे गुण जातात. म्हणून तिसरीपासूनच प्रत्येक धड्याचे पंधरा-वीस शब्द आर्टिकलसकट (डेर, डी, डास) वहीत उतरवून घ्या आणि त्यांची पूर्ण वाक्यं करायला लावा. घरी मात्र मराठीच बोला. मोडकं जर्मन ऐकून मुलाचं जर्मन सुधारत नाही.

मूल पहिलीपासून जर्मन शाळेत नसेल, तर एक तरतूद पालकांना अनेकदा ठाऊकच नसते. कमी पडण्याचं कारण जर्मन भाषा असेल आणि ती उणीव भरून निघण्यासारखी असेल, तर ३.३३ पर्यंतही शाळा पात्रता देऊ शकते. जानेवारीत गुणांची माहिती हातात आली की लगेच वर्गशिक्षिकेला भेटून याबद्दल विचारा, मेपर्यंत थांबू नका.

तरीही आकडा हुकला तर मे महिन्यातच जर्मन आणि गणिताची प्रोबेउंटररिश्ट ही चाचणी असते. एका विषयात ३ आणि दुसऱ्यात ४ मिळाले की उत्तीर्ण. दोन्हींत ४ आले तर निर्णय पालकांचा. पण तेव्हा हट्ट धरण्याआधी विचार करा, कारण सहावीपासून फ्रेंच किंवा लॅटिनसारखी दुसरी परभाषा सुरू होते. कच्च्या जर्मनवर तिचा भार मुलाला झेपत नाही.

प्रवेशाला मूळ प्रमाणपत्र, जन्मदाखला आणि गोवराच्या दोन डोसांचा पुरावा लागतो. भारतातलं लसीकरण कार्ड आधीच शोधून ठेवा.

रेआलशूलेची लाज तर मुळीच वाटून घेऊ नका. तिथे पाचवीअखेर जर्मन आणि गणिताची सरासरी २.५ किंवा त्याहून चांगली आली, तर पाचवी पुन्हा करून गिम्नाझियमच्या पाचवीत जाता येतं. दहावीनंतर फाखओबरशूलेची, म्हणजे व्यवसायाभिमुख उच्च माध्यमिक शाळेची, वाटही विद्यापीठापर्यंत नेते.