दहावीचं हस्तलिखित पहिल्यांदाच करताय?

मॅडम, पहिल्याच वर्षी दहावीच्या निरोपाचं हस्तलिखित तुमच्याकडे आलं, फार छान झालं. घाबरू नका. मी अठरा वर्षं हे काम केलंय. सुरुवातीला तीनच गोष्टी सांभाळा.

१. मजकूर डिसेंबरातच गोळा करा. पुढे सराव परीक्षा, तोंडी, प्रात्यक्षिकं. मग मुलांना फुरसत नसते.

२. ‘माझी शाळा’ असा विषय देऊच नका. ‘शाळा म्हणजे दुसरं घर’ अशी चाळीस पानं येतील. त्याऐवजी विचारा, आठवीत पहिल्या दिवशी शेजारी कोण बसलं होतं? एका मुलीने लिहिलं होतं, पाण्याच्या टाकीचा तिसरा नळ गळायचा, तिथे बाटली भरायला थांबता थांबता तिला जिवाची मैत्रीण मिळाली. एवढंच, अर्धं पान. ते वाचताना अख्खा वर्ग गप्प झाला होता. 2021 साली करोनामुळे बोर्डाची दहावीची परीक्षाच रद्द झाली. त्या मुलांनी मोबाइलवरच्या तासांबद्दल लिहिलं; तेच त्यांचं खरं वर्ष होतं, म्हणून आम्ही ते तसंच घेतलं.

३. फक्त हुशार मुलांचं लेखन घेऊ नका. नव्या शिक्षकांकडून ही चूक हमखास होते. मागच्या बाकावरच्यांना बोलतं करा, हवं तर ते सांगतील तसं तुम्ही उतरवून घ्या. शुद्धलेखन सुधारा, पण त्यांच्या घरच्या बोलीला हात लावू नका.

मुखपृष्ठ, सजावट वगैरे नंतर बघू. आधी हजेरीपट घेऊन बसा आणि कुणाचं नाव राहिलंय ते तपासा.